उजव्या पापणीची घडी

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे त्या माझ्या वहिनी, मोठ्या भावाच्या पत्नी. माहेर नरडाण्याचं, शिक्षण सातवीपर्यंत. त्या लग्न होऊन आमच्या असोद्याच्या घरी आल्या तेव्हा मी अकरावीत होतो आणि सुट्टीच्या दिवशी जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जात होतो. दिवसभर रुईची बारीक धूळ डोळ्यांत जायची. डोळे खाजायचे आणि मी ते चोळायचो, उजवा जास्तच.

पुढच्या हंगामात वहिनींनी माझं तिथे जाणं बंद करवलं. वडिलांशी त्या थेट बोलत नसत. दाराआडून त्यांनी भावाला सांगितलं, पण वडिलांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात, की यांना शिकू द्या, यांच्या वाट्याचं काम मी करते. ते त्यांनी चार-पाच वर्षं केलं. मी बी.एस्सी. झालो, मग बी.एड. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला.

तोवर उजवी पापणी खाली उतरली होती. पापणी उचलणारा पट्टा चोळून चोळून सैल होतो, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की माझा एक डोळा कायम पेंगलेला दिसतो. एका शाळेच्या मुलाखतीत संस्थेच्या एका सदस्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "घेता का?" मी नाही म्हणालो. ते हसले. त्या नोकरीचं पुढे काही झालं नाही.

घरी येऊन हे मी फक्त वहिनींना सांगितलं. त्यांनी आठवडाभर इकडे तिकडे चौकशी केली आणि जळगावच्या एका डॉक्टरांचा पत्ता काढला. भाऊ विरोधात होता. चांगला दिसतोय डोळ्याने, कशाला चाकू लावायचा, असं त्याचं म्हणणं. वहिनींनी ऐकलं नाही. ऑपरेशनच्या दिवशी त्याच माझ्याबरोबर बसने आल्या.

भूल फक्त पापणीपुरती होती. मधेच डॉक्टरांनी मला उठवून बसवलं. डोळे उघड, समोर बघ, म्हणाले. मी "हो सर" म्हणालो. त्यांनी दोन-तीनदा तेच सांगितलं, मीही तेवढ्याच वेळा "हो सर" म्हणालो. मग पुन्हा आडवं केलं, आणखी थोडं ओढलं आणि टाके घातले.

सूज उतरली तेव्हा आरशात एक वेगळाच माणूस होता. डाव्या पापणीवरची घडी जिथे होती तिथेच होती. उजवीवरची मात्र भुवईकडे निघाल्यासारखी वर चढली होती, आणि बुबुळाच्या वरचं पांढरं दिसत होतं. आधी लोक झोपाळू म्हणायचे, आता डोळे वटारतो म्हणू लागले. गल्लीतले आबा म्हणाले, "बी.एड. झाल्यावर असं बघायला शिकवतात का रे?" त्यावर मीही हसलो. पण पापणी झोपेतसुद्धा पूर्ण मिटत नव्हती. सकाळी डोळा वाळू भरल्यासारखा खुपायचा. डॉक्टरांनी थेंब आणि मलम दिलं आणि काही महिने थांबायला सांगितलं.

थेंब टाकायचं काम वहिनींनी घेतलं. एके दुपारी मी पडलो होतो, त्यांना वाटलं झोपलोय. डोळा तर उघडाच होता. त्या बाटली हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात त्यांच्या माहेरच्या बोलीत म्हणाल्या, "मन्हामुये बिघडना यासना डोया. मन्ही चूक शे."

माझ्यामुळे बिघडला यांचा डोळा. मी जागा होतो आणि काही बोललो नाही, याची मला आजही लाज वाटते.

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या तोंडाकडे बघणं सोडलं. ताट ठेवायच्या आणि वळायच्या. थेंब भावाला टाकायला सांगायच्या. भावाला राग आला की तो वहिनींना टोमणा मारायचा, डॉक्टरीणबाईंना विचारा. डोळ्याचं दुखणं मला सोसवत होतं, हे सोसवत नव्हतं. मी नाना तऱ्हेने सांगून पाहिलं की तुमची काही चूक नाही. पण मग चूक कुणाची, हे मलाही ठाऊक नव्हतं, आणि त्यांना ते कळत होतं.

पुढे चोपड्याला एका खाजगी शाळेत मला नोकरी लागली. तिथल्या एका शिक्षिकेने धुळ्याच्या एका डॉक्टर मॅडमचं नाव सुचवलं. त्या फक्त पापण्यांचंच काम करतात. मी पहिल्या ऑपरेशनच्या आधीचा फोटो घेऊन गेलो, परीक्षेच्या प्रवेशपत्रावरचा. मॅडमनी तो पाहिला, पापणी बोटाने खाली ओढून पाहिली, मिटायला सांगितली. मग विचारलं, पहिल्या वेळी उठवून बसवलं होतं का? मी म्हणालो, हो. समोर बघितलं होतं का? म्हणालो, हो. त्यांनी फोटो बाजूला ठेवला.

"सर, तुम्ही आत आल्यापासून एकदाही माझ्याकडे बघितलेलं नाही. माझ्या टेबलावरच्या काचेकडे बघताय."

खरंच मी काचेकडे बघत होतो.

माझे वडील आयुष्यभर केळीच्या बागायतदाराकडे सालदार होते, वर्षाच्या बोलीने ठेवलेले गडी. मालक बोलायला लागले की वडील जमिनीकडे बघत. आम्हा भावांना त्यांनी तेच शिकवलं. मोठ्या माणसाच्या डोळ्यात बघणं म्हणजे त्याला आव्हान देणं. मी पदव्या घेतल्या, पण डॉक्टर, साहेब, हेडमास्तर यांच्यासमोर माझी नजर आपोआप खाली जाते. जळगावच्या त्या टेबलावर "समोर बघ" म्हटल्यावर मी डॉक्टरांच्या छातीवरच्या बटणाकडे बघत होतो. ते हिरवट बटण मला अजून आठवतं.

मॅडमनी समजावलं की नजर खाली असली की सैल पापणी आणखी खाली येते. डॉक्टरांना वाटलं असणार, अजून पुरेशी उचललेली नाही. त्यांनी ओळखायला हवं होतं, हेही त्या म्हणाल्या. पापणी खाली आणता येईल, पण डाव्यासारखी हुबेहूब होईल असं त्यांनी कबूल केलं नाही. आतला व्रण मऊ व्हायला आणखी दोन महिने थांबू, म्हणाल्या, आणि तोवर रोज माणसांच्या डोळ्यात बघून बोलायचा सराव करा.

हा सराव सोपा नव्हता, कारण उजवा डोळा वटारलेलाच होता. चहावाल्याने विचारलं, "सर, चहात काही पडलं का?" रविवारी घरी जाऊन वडिलांकडे बघितलं तर ते चुळबुळायला लागले. "असा काय पाहून राहिला रे? काय चुकलं माझं?" मी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलंय. मग ते बिचारे खाटेवर ताठ बसून माझ्याकडे बघत राहिले. आम्ही बापलेकांनी असं एकमेकांकडे कधी बघितलं नव्हतं. दोघांनाही अवघड झालं, पण त्यांनी नजर काढली नाही.

वहिनींबरोबर मात्र सराव करता आला नाही. त्या आईच्या आजारपणासाठी नरडाण्याला गेल्या होत्या.

ऑपरेशनच्या वेळी मॅडमनी मला बसवलं. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. चष्म्याची डावी काच थोडी धुरकट होती. मिटा, म्हणाल्या. उघडा. माझ्याकडे. असं सात-आठ वेळा झालं. दर वेळी नजर खाली जायला बघायची आणि मी ती धरून ठेवायचो.

टाके निघाल्यावर मी वहिनींना पत्र लिहिलं. फोनवर त्या "बरं बरं" म्हणून फोन आपल्या आईच्या हातात देतात. पत्र त्या एकट्या बसून, एकेक ओळ वाचतात, हे मला माहीत होतं.

ती. वहिनींना सा. न.

तुमच्या आईंची तब्येत आता कशी आहे? माझे टाके काल निघाले. पापणी मिटते. सकाळी डोळा खुपत नाही. उजवी घडी अजून डावीपेक्षा जराशी वर आहे, मॅडम म्हणतात तेवढी राहील.

एक गोष्ट तुम्हाला तोंडाने सांगता आली नाही. जळगावला डॉक्टरांनी समोर बघ म्हटलं तेव्हा मी समोर बघितलंच नाही, त्यांच्या बटणाकडे बघितलं. वडिलांनी शिकवलं तसं. त्यामुळे माप चुकलं. हे मला धुळ्याला कळलं. म्हणजे चूक तुमची नव्हती. तुम्ही मला दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं. आत काय झालं ते माझ्याकडून झालं. भावालाही मी हे सांगितलं आहे. त्याने ऐकून घेतलं.

त्या दुपारी मी झोपलेलो नव्हतो. तुम्ही बोललात ते ऐकलं होतं. तेव्हाच उठून बोलायला हवं होतं.

मी फोटो मुद्दाम पाठवत नाही. तुम्ही आलात की समोर बसा आणि नीट बघून सांगा, कसा झालाय. खोटं चांगलं म्हणू नका. मी नजर खाली घालणार नाही, तुम्हीही घालू नका.

आईंना नमस्कार.

तुमचा,
धाकटा दीर