सुगंधाने उचललेली पाच अंडी

सुगंधा परब एका जागी शांत बसलेली मुलुंडच्या त्या सोसायटीत कोणी पाहिली नव्हती. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण बागेत काम करताना तोंड खुरप्याच्या पुढे. त्या शुक्रवारी तर पायाला भिंगरीच लागली. सोसायटीच्या मागे, खाडीच्या बाजूला कमरेइतकं गवत माजलं होतं, त्यात तिला रानबदकाचं घरटं सापडलं. पाच अंडी, वर वाळक्या गवताचं पांघरूण. बदकाचा पत्ता नाही.

नऊला पाहिलं, अकराला पाहिलं, डबा खाण्याआधी पाहिलं. प्रत्येक वेळी अंड्यांवर हात ठेवला. गार.

"मावशी, उद्या गवत कापायचं मशीन येतंय," सुपरवायझर नितेश म्हणाला. "गणपतीआधी साफ पाहिजे. आई असेल तर तेवढा तुकडा सोडायला सांगतो. नसेल तर कशाला?"

"कसली आई? टाकून गेली मेली."

हे ती जरा जास्तच जोरात बोलली. हेच शब्द गावाने एकदा तिच्याबद्दल वापरले होते. नवऱ्याची गिरणीतली नोकरी सुटली तेव्हा चार वर्षांच्या मानसीला सासूकडे ठेवून ती मुंबईत धुणीभांडी करायला आली. सहा वर्षं. मानसी आता बोरिवलीला सुखात नांदते, पण एकदा भांडणात म्हणालीच, "तू मला टाकून गेली होतीस." ते सुगंधाच्या काळजात अजून सलतं. त्यामुळे ही अंडी मशीनखाली जाऊ देणं तिला शक्यच नव्हतं.

आणि कोंबड्यांतलं आपल्याला सगळं कळतं, अशी तिची ठाम समजूत. गावी कोंबडीने अंडं घातलं की तिची आई ते त्याच दिवशी उचलायची. चारपाच अंडी एकत्र दिसायची ती फक्त उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली, आणि ती दाणा टिपायला उठली तरी पुन्हा लगेच बसायची. तेव्हा अंडी आहेत आणि वर कोणी नाही, याचा अर्थ एकच: आई मुंगसाने नेली, नाहीतर पळाली.

आरे कॉलनीतल्या पाड्यावर तिची नणंद शकु कोंबड्या पाळते. तिची एक कोंबडी नुकतीच खुडूक झाली होती. सुगंधाने अंडी जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळली, डब्यात ठेवली, डबा मांडीवर घेतला आणि बसने निघाली. प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरचा उद्धार केला.

"सांजेक ठेवूया," शकु म्हणाली. "दिसाची ठेवलंव तर कोंबडी उठात." तोवर तिने ती अंडी भाताच्या तुसाच्या टोपलीत ठेवली. टोपलीत आधीच अकरा अंडी होती.

"ही कधीची गो?"

"धा दिस झाले. दुसरी कोंबडी अजून खुडूक जावक नाय. तवसर रवतत तशीच."

"गार?"

"मगे? गारच आसतली."

सुगंधाने टोपलीतलं एक अंडं हातात घेतलं. जन्मभर तिने हेच केलं होतं. दहा दहा दिवस अंडी तुसात गार ठेवायची, मग एकदम कोंबडीखाली मांडायची, आणि पिल्लं सगळी बरोबर निघायची. माणूस उचलतो म्हणून टोपली लागते. बदकाची टोपली म्हणजे त्याचं घरटंच. रोज एक घालायचं, झाकायचं आणि पोटापाण्याला जायचं. सगळी घालून झाली की मग बसायचं.

"शकु, मी अंडी चोरलंय गो."

शकु चहा टाकत होती. सुगंधा थांबली नाही, आपली पाच अंडी पुन्हा डब्यात घालून निघालीच. येताना केलेली काटकसर विसरून तिने रिक्षा केली. लिंक रोडवर रिक्षा अडकली तशी ती रिक्षावाल्याच्या मागे लागली. दिवस मावळायच्या आत पाचही अंडी जागेवर ठेवली, पांघरूण नीट केलं. माणसाच्या हाताचा वास लागलाय, आता आई अंड्यांना शिवेल का? घरी गेल्यावरही हाच घोर. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सकाळी सहाला ती पंपघराच्या आडोशाला उभी राहिली. बराच वेळ काही नाही. आपणच घात केला, असं तिला वाटलं. तेवढ्यात गवत हललं. चोचीला पिवळं टोक असलेलं बदक बाहेर आलं, मान उंच करून इकडेतिकडे पाहिलं, आणि खाली खालीच उडत खाडीकडे गेलं.

सुगंधाने पांघरूण सारलं. त्यात आता चार मऊ पिसंही होती. अंडी सहा. सहावं अजून उबदार होतं. तिने जसं होतं तसं झाकलं आणि भिंतीला टेकून पोटभर रडली.

नऊला नितेश मशीनवाल्याला घेऊन आला. "मावशी, बदक तर कुठे दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे टाकून गेली काय रे?" सुगंधा म्हणाली, आणि त्या गवतासमोर फतकल मारून बसली. मशीन जाईपर्यंत ती जागची हलली नाही.