थोडंच दुखतंय, डॉक्टर

अन्याय झाला तो सखूबाईवर, माझ्या आईवर, २००४ साली, भाताच्या आवणीच्या, म्हणजे लावणीच्या, तोंडावर. त्याच पावसाळ्याच्या शेवटी माझ्या चुलतभावांनी तिला खुर्चीत बसवून गावातून शिनोलीच्या रस्त्यापर्यंत आणलं आणि पुण्याकडं, भोसरीला निघालेल्या जीपमध्ये ठेवलं. "लग्नातबी एवढं कुणी उचललं नव्हतं मला," ती म्हणाली. भाऊ हसले. तिला न्यायला आलेल्या मला हसू आलं नाही.

आवणीच्या आधी बांधावरून घसरून ती खुब्यावर पडली होती. लंगडत एकटीच तालुक्याच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरनं विचारलं, "मावशी, दहापैकी किती दुखतंय?" आई म्हणाली, "दोन धरा." त्यानं दोन लिहिलं, गोळ्या दिल्या, घरी पाठवलं. एक्स-रेचं मशीन शेजारच्याच खोलीत होतं. आई आवणीला उभी राहिली आणि चिरलेलं हाड चिखलातच सरकलं.

आमच्याकडं पंगतीत वाढपी आला की पानावर हात आडवा धरून "थोडंच" म्हणतात. खरी भूक सांगणारा हावरट ठरतो. यजमानाला हे ठाऊक असतं, म्हणून तो आग्रह करतो. आईनं दुखणंही तसंच सांगितलं. आग्रह करणारं तिथं कुणी नव्हतं. ठणका आहे की कळ, उकिडवं बसता येतं का, एक प्रश्न नाही. एवढं शिकलेला माणूस अंगाला हात न लावता आकडा मागतो आणि वर म्हणतो, पेशंटनं सांगितलंच नाही.

मी आधीच भोसरीत आले होते, कंपनीत पॅकिंगला. इथं दुखणं नीट बोलता आलं नाही तर सुट्टीही मिळत नाही. शेजारच्या काकूंनी आईला शिकवलं, "डॉक्टरपुढं आठच्या खाली उतरायचं नाही." आई म्हणाली, "मंडई हाय का ती?"

ऑपरेशन झालं, पण उशिरा. पाय आखूड राहिला. जिना ती काठीनं उतरते, खाचरात मात्र आता उतरायची नाही. आमचं खाचर चुलते लावतात. आई फोनवर रोपांची चौकशी करते. तिचं घर अजून तिकडंच आहे. भोसरी म्हणजे नुसती राहायची सोय. माझं घर ती असेल तिथं.

तुम्ही गावात असा नाहीतर पुण्यात, आईबरोबर दवाखान्यात जा. तिचं कोणतं काम बंद पडलंय ते डॉक्टरला आधी सांगा, आणि त्यानं हात लावून तपासल्याशिवाय बाकावरून उठू नका.