घुमटाखालचे बुटके दगड

राहतो सुरतेतच, पण इथल्या गोऱ्यांच्या जुन्या कबरस्तानात मी एकदाच गेलो आणि शिव्या खाऊन आलो. गाइड रंगात आला होता. इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांनी मेल्यावरही चढाओढ सोडली नाही, म्हणे. ज्याचा घुमट उंच, तो मोठा. ऐकता ऐकता मी एका बुटक्या दगडावर टेकलो आणि खमणचा पुडा सोडला.

"ऊठ आधी!" झाडूवाला म्हातारा अंगावर आला. बोलण्यावरून धुळ्याकडचा. घुमटांकडे तो बघतही नव्हता. चपला काढून फक्त अशा छोट्या दगडांभोवती झाडत होता. "लेकरू आहे ते कोणाचं!"

माझंही डोकं फिरलं. "काका, शेकडो वर्षं झाली त्याला."

"मग? मन्ही पोर सहा महिन्यांची गेली. तान्ही म्हणून जाळली नाही, इथेच तापीकाठी पुरली. वर दगड ठेवला. पालिकेनं त्यावरून नदीकाठचा रस्ता नेला, विचारलंसुद्धा नाही. आता मी कुठे झाडू, सांग!"

मी उठलो. तो रस्ता मला चांगला ठाऊक आहे. गावाकडचा पाहुणा आला की मीच त्याला त्यावरून फिरवतो आणि सांगतो, बघ, खड्डा म्हणून सापडायचा नाही.