मिनूच्या छातीची सार्वजनिक काळजी

आजारी मूल घरात असलं की औषधं मोजून येतात, किस्से मात्र न मोजता! आता चार बायका जमलो की मी हेच सगळं हसत हसत सांगते. तेव्हा माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं असायचं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझी मिनू सातव्या महिन्यातच घाईघाईने आलेली, त्यात हृदयाला भोक. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, "ऑपरेशन करू, पण आधी वजन वाढू दे. तोवर छाती सांभाळा. धूळ, धूर, गर्दी अजिबात नको."

मी म्हटलं, "डॉक्टर, आम्ही भिवंडीला राहतो. कामतघरला, यंत्रमागांच्या गल्लीत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग देवाचं काही करता का?"

पाच वर्षांची झाली आणि थंडीत न्यूमोनियाने गाठलंच. हॉस्पिटलातून घरी आणली, पण छाती भरलेलीच. पुन्हा बिघडलं तर ऑपरेशन राहिलं बाजूला, पोरगीच हातची जायची. हे मला आणि ह्यांना ठाऊक होतं. गल्लीला तर आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं!

* * *

पहिल्या आल्या सासूबाई, दिघाशीहून. पिशवीत ओवा आणि लसूण. आल्या आल्या निखारे मागितले.

"आई, डॉक्टरांनी धूर नको म्हटलंय."

"डाक्टरला काय कलतंय? आमची सात पोरं ह्याच धुरीवर वाढली हायत!"

मी निखारे लपवले. लपवून वळते तर दारात शेजारची खतिजाखाला, हातात लोबानचं भांडं, भांड्यातून ढग निघतायत. "बच्चीला नजर लागलीय. चारी कोपऱ्यांत फिरवते."

सासूबाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या. "ओ बाई, कसला धूर करताय? पोरीची छाती नाजूक हाय, कलत न्हाय का?"

लोबान परत गेला. सासूबाई माझ्याकडे वळल्या. "हां, दे आता निखारे!"

* * *

गर्दी नको म्हटल्यावर नणंदबाई काल्हेरहून दोन मुलांसकट आल्या. दोघांची नाकं वाहतायत, नणंदबाईंचा स्वतःचा आवाज बसलेला.

"वन्सं, तुम्हाला बरं नाही का?"

"अगं, कसलं बरं! सर्दीने दोन दिवस घरातच बसून होते. म्हटलं, नुसतं बसून काय करायचं? मिनूला तरी बघून येऊ!"

दारात मी साबण आणि पाण्याची बादली ठेवली होती. येताना तिकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही. मिनूचे पापे घेऊन झाले, चहा झाला. निघताना मात्र नणंदबाईंनी मुलांचे हात कोपरापर्यंत घासून धुतले.

"काय सांगावं वहिनी, आजारी पोर आहे ना घरात!"

* * *

कफ सुटावा म्हणून नर्सने मला शिकवलं होतं. पोरीला उशीवर पालथी घालायची आणि तळहात खोलगट करून पाठीवर थापायचं. ह्यांना जमेना. हे असे थापायचे की मांजराला वाटावं, आपले लाड चाललेत! म्हणून ती ड्युटी माझी.

एक दिवस खतिजाखाला तावातावाने आत. "शरम नाही वाटत? बीमार पोरीला मारतेस?"

"कोण म्हणतं?"

"तीच म्हणते!"

मी मिनूला विचारलं, "काय सांगितलंस गं?"

मिनू शांतपणे म्हणाली, "खरं तेच सांगितलं. आधी औषध देतेस. मग मारतेस. मग जेवायला देतेस."

* * *

सगळा दोष लोकांचाच नाही. मिनूचा डोळा लागला की माझा जीव वरखाली व्हायचा. मग मी तिला हलवून विचारायचे, "मिनू, नीट झोप लागली ना गं?"

शेवटी मिनूनेच सांगितलं, "लागली की सांगते!"

* * *

एक दिवस पुन्हा ताप चढला. गल्लीतले म्हातारे डॉक्टर घरी आले. त्यांना डाव्या बाजूचा संशय. तिथे हवा जात नसेल तर आत्ताच्या आत्ता मुंबई गाठायची. त्यांनी छातीला नळी लावली, पुन्हा लावली, मग कानातून काढली.

"वहिनी, मला पोरीच्या छातीत लूमच ऐकू येतोय! बंद करा तो खडखडाट."

हे धावत शेजारच्या मागांच्या शेडमध्ये गेले. तिथले उस्मानशेठ दिवाळीला लूम नाइलाजाने बंद ठेवायचे, ईदलाही नाइलाजानेच. पण पोरीचं ऐकून खटकन बंद केले, माणूस पाठवून पुढच्या शेडही बंद करवल्या. का ते सांगायला कोणाला सवड होती!

आता आमच्या गल्लीत भरदुपारी लूम दोनच कारणांनी थांबायचे. लाइट गेली तर, नाहीतर कोणी गेलं तर. आणि बल्ब तर सगळीकडे चालू होते!

डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते. मी श्वास धरून उभी. तोवर दारात चपलांचा ढीग. बायका तोंडाला पदर लावून आत. खतिजाखालाने माझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. सासूबाईंनी मिनूला आत्ताच स्वतःच्या हाताने पाणी पाजलं होतं, पण सगळ्या रडतायत बघून त्याही सुरू झाल्या! मागून पलीकडच्या शेडचे शेठ आले, हातात पांढऱ्या कापडाचा तागा. भिवंडीत कापडाला काय तोटा!

डॉक्टर ओरडले, "गप्प! जिवंत पोरीची छाती ऐकू द्याल का?"

सगळे जागच्या जागी. गल्लीत पहिल्यांदाच इतकं शांत. मला मिनूचा श्वास लांबून ऐकू येत होता. घरघरत, पण येत होता, जात होता.

डॉक्टरांनी नळी काढली. "डावी बाजू उघडलीय. कुठे न्यायची गरज नाही."

शेठ तागा पाठीमागे लपवायला बघत होते. मिनू उठून बसली, तिने कापडाचं टोक ओढलं, बोटांनी चोळून बघितलं.

"आई, ह्याचा फ्रॉक शिवशील?"

मी शेठकडे बघितलं. शेठनी घसा खाकरला आणि तागा माझ्यासमोर ठेवला.

"ढीला सीना, बहनजी. बच्ची बढेगी."