करवंटीचा रवा

इंजिनात चमचाभर डिझेल ओतायचं आणि हाताची घडी घालून नुसतं उभं राहायचं, ही समोरच्या मेकॅनिकची सवय. गिऱ्हाईक ताटकळलेलं असलं तरी हा आपला उभाच. वर म्हणायचा, “घाई न्हाय. गाडी काय पलणार न्हाय.” रस्त्याच्या अलीकडे माझं गॅरेज. तिथून मी हे रोज बघायचो आणि माझं डोकं फिरायचं.

खोटं कशाला बोलू, मी त्याच्यावर जळायचो. तुमच्याही समोर असा कोणीतरी असेलच, नसेल तर नशीबवान आहात.

मी आयटीआय केलेला, चौलमध्ये वीस वर्षं गॅरेज चालवणारा. तो थळचा, होड्यांची इंजिनं खोलत मोठा झालेला. आला आणि बरोबर माझ्यासमोर शेड टाकून बसला. दारावर पाटीसुद्धा नाही. तरी वर्षभरात पार माणगावपासून गाड्या यायला लागल्या, त्याही माझ्या दारावरून.

आता हे कार्बनचं प्रकरण सांगतो. नव्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यामुळे हवा आत सोडणारे जे इनटेक व्हॉल्व्ह असतात, त्यांना पेट्रोलची आंघोळ मिळत नाही. तेलाच्या वाफा बसून बसून त्यांच्यावर काळी खरपुडी धरते. मग गाडी सकाळी थरथरते, चढावर दम टाकते. मी इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवून, व्हॉल्व्ह काढून घासत बसायचो, तीन दिवस मोडायचे. हा पठ्ठ्या हेडला हातच लावायचा नाही. नारळाच्या करवंट्या उन्हात खडखडीत वाळवायच्या, कुटायच्या, बायकोच्या पिठाच्या चाळणीने चाळून रवा करायचा आणि कंप्रेसरच्या हवेने तो व्हॉल्व्हवर मारायचा. दुसऱ्या हाताने व्हॅक्यूमच्या नळीने ओढून घ्यायचा. कार्बन साफ, आणि व्हॉल्व्हवर ओरखडा नाही. चौलमध्ये करवंट्यांना काय तोटा? माझ्याच परसात ढीग पडलेला, आणि मी तो आंघोळीच्या बंबात घालत होतो. हेच जास्त लागलं मला.

बरं, भांडावं तर तीही सोय नाही. सकाळी “शेठ, चाय घेतली का?” म्हणत रस्ता ओलांडून यायचा. माझा पाना अडला तर स्वतःचा आणून द्यायचा. घरी बायको म्हणाली, एवढं आहे तर जाऊन शिकून घ्या की. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

अशात डॉक्टरबाईंची गाडी थरथरायला लागली. बाई माझ्या पहिल्या दिवसापासूनच्या गिऱ्हाईक. त्या संकोचत म्हणाल्या, समोर दाखवू का? त्या गेल्या की अर्धं गाव गेलं. मी म्हटलं, अहो, करवंटीचं काम मीही करतो, संध्याकाळी न्यायला या. कधी केलं नव्हतं. पण वर्षभर बघत होतो ना.

पहिले दोन सिलिंडर लोण्यासारखे झाले. त्याचा तो डिझेल ओतून उभं राहण्याचा प्रकार मी केला नाही. मला ती निव्वळ ऐट वाटायची. तिसऱ्यावर हवा मारली आणि बघतो तर आधीच्या दोन्हींत साठला होता तसा रवा इथे साठलाच नव्हता. व्हॉल्व्ह किंचित उघडा होता आणि सगळा रवा खाली सिलिंडरमध्ये गेला होता. तेव्हा कळलं, व्हॉल्व्हवर ओतलेलं डिझेल तिथेच थांबलं तर व्हॉल्व्ह बंद, खाली उतरलं तर उघडा. हाताची घडी घालून हा माणूस तेवढंच बघायचा.

अशी गाडी चालू केली असती तर इंजिन आतून खरवडून निघालं असतं. हेड उतरवावं तर बाई संध्याकाळी येणार. अर्धा तास मी नुसता बसून राहिलो. मग रस्ता ओलांडला. आयुष्यात एवढा रुंद रस्ता मी पाहिला नाही.

तो हसेल असं वाटलं होतं. त्याने एकच विचारलं, “चालू केली का?”

“नाही.”

“मग काय व्हत न्हाय.”

स्पार्क प्लग काढून त्याने त्या भोकातून बारीक नळी आत सोडली. हवा मारायची, ओढायची, मोबाईलला जोडलेल्या कॅमेऱ्यातून बघायचं, की पुन्हा ओढायचं. चार तास. जेवायलाही उठला नाही. मी बाजूला बॅटरीचा उजेड धरून उभा, आणि मनात काय तर, हात किती हलका आहे मेल्याचा! उपकार कसले मानतोय, तेव्हाही जळतच होतो.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा तो गाडीतच वाकलेला. तुम्ही इथे कसे, त्यांनी विचारलं.

“शेठचं काम बघाया आलतो,” तो हात पुसत म्हणाला. “माझ्यापेक्षा बरं करतात.”

बाईंनी ते गावभर सांगितलं. मी कधीच खोडलं नाही. त्याच्याकडेही तो विषय काढला नाही, साधं आभाराचंसुद्धा बोललो नाही. उद्या बोलू, परवा बोलू, असं करत राहिलो. आणि गेल्या वर्षी त्याला कावीळ झाली. पंधरा दिवसांत माणूस गेला.

आता त्याची गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात. दवाखान्यातून त्यानेच सांगितलं होतं म्हणे, शेठकडे जा. परवा माणगावची एक गाडी केली. चारही सिलिंडरचे व्हॉल्व्ह असे चकचकीत निघाले की मीच बघत राहिलो. पहिला विचार आला तो हा, की त्याला बोलवावं, दाखवावं आणि एकदा तरी त्याला माझ्यावर जळताना बघावं. हातातलं फडकं तसंच घेऊन मी उठलोही होतो.

पण तो जळला नसताच. बॅटरी मारून चारही व्हॉल्व्ह नीट बघितले असते आणि मनापासून खूश झाला असता. याचाच मला अजून राग येतो.