गार झाल्यावर मोजायचं

तात्या, म्हणजे माझे वडील, एकतीस वर्षं लेथवर. मी त्याच कारखान्यात तपासणीला. घरी ते बाप, पण इथे मी त्यांची सासू, असं सगळे चिडवायचे. त्यांनी माझ्याकडून एकच नियम घोकून घेतला होता: कापताना जॉब, म्हणजे मशीनवरचा तुकडा, तापतो, तापला की फुगतो, म्हणून गार झाल्यावरच मोजायचा.

मग नवं मशीन आलं. टायटॅनियम कापताना टूल जळू नये म्हणून पाण्याऐवजी थेट टोकावर द्रव नायट्रोजनची धार. जॉब बर्फाने पांढराफटक होऊनच बाहेर यायचा. गार तर आहेच, मग थांबायचं कशाला? गेल्या आठवड्यात तात्यांच्या जोडीदाराचा, टकलूकाकांचा दांडा मी लगेच मोजला, तर तीन शतांश मिलीमीटर कमी भरला. मी नापासाचा लाल रंग फासला. साहेबांनी काकांना त्याच दिवशी घरी बसवलं.

आज तात्यांचा दांडाही तेवढाच कमी.

"हात थकले तुमचे," साहेब म्हणाले. "लाव गं रंग. उद्यापासून तुम्हीही येऊ नका, तात्या."

मी ब्रश उचललासुद्धा.

"थांब," तात्या म्हणाले. "हा नुसता गार नाही, आखडलाय. खोलीच्या हवेइतका कोमट होऊ दे."

"एक तास," साहेब म्हणाले. "मिनिटभर जास्त नाही."

बर्फ वितळून ओघळला, मी पुसला. वीस मिनिटांनी दोन शतांश कमी. चाळीस मिनिटांनी एक. मग आकडा जागचा हलेचना. तात्या पाठमोरे उभे राहून चष्मा पुसत होते, पुसतच होते. साहेब पेनाने टेबल वाजवत होते. ते पेन हिसकावून घ्यावंसं वाटत होतं मला.

तास भरता भरता पुन्हा मायक्रोमीटर लावला. माप बरोब्बर!

साहेब पेन खिशात खोचून केबिनमध्ये गेले. मी तात्यांना मिठीच मारणार होते, पण ते भंगाराच्या फळीकडे बघत होते. काकांचा लाल दांडा आठवडाभर तिथेच पडून होता.

मी तो घेतला, रंग खरवडला, मोजला. तोही बरोब्बर. शरमेने माझी मान वर होईना.

"नियम माझाच होता," तात्या म्हणाले.

"मोजलं मी, तात्या."

त्यांनी दांडा फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. "आधी साहेबांकडे चल. मग टकलूच्या घरी. मी बरोबर येतो, पण बोलायचं तू."