मागून घेतलेली लेक

दक्षिण समुद्रातल्या एउआ बेटावर लोसालिनेला सगळे मास्तरीणबाई म्हणत, पण शाळेत तिनं एक दिवसही शिकवलं नव्हतं. तिचं काम सालीच्या कापडाचं. तुतीची साल भिजवायची, लाकडी दांडक्यानं बडवून बडवून रुंद करायची, बायकांच्या घोळक्यात बसून जोडायची, रंगवायची. हात मजबूत आणि आवाज त्याहून मजबूत. मास्तरीण हे नाव पडलं ते फाकामेमुळं. फाकामे म्हणजे मे महिन्यातला पहिला रविवार, मुलांचा रविवार. त्या दिवशी चर्चमध्ये पाद्री गप्प बसतो आणि गावातली पोरं एकेक करून पुढं येतात, बायबलमधल्या गोष्टी तोंडपाठ म्हणून दाखवतात. आईबाप बाकांवर बसून हसतात, रडतात, ओठातल्या ओठात पोरांबरोबर पुटपुटतात. पोरांची सगळी तयारी लोसालिने करून घ्यायची. तिच्या हाताखालचं पोर अडखळलं, असं कधी झालं नव्हतं.

लग्नाला दहा वर्षं झाली तरी तिची स्वतःची कूस उजवली नव्हती. तिनं महिना महिना घोकून घेतलेली पोरं फाकामेला झकास म्हणायची, लोक "मालिए! मालिए!" असं ओरडून शाबासकी द्यायचे, आणि पोरं धावत जाऊन आपापल्या आईच्या मांडीत तोंड लपवायची. लोसालिने मांडीवर हात ठेवून बसून राहायची. नवरा फिलिमोने साधा माणूस. शेतात सुरण आणि केळी लावायचा आणि या विषयावर कधी चकार शब्द काढायचा नाही. पण न बोलण्यानं घर भरत नाही.

शेवटी ती भावाकडं गेली. सोसाया तिचा धाकटा भाऊ, बेटाच्या दक्षिण टोकाला राहायचा, घोडागाडीनं दोन तासांच्या वाटेवर. त्याला चार पोरं होती आणि बायकोला, लेसिएलीला, पाचवा महिना लागलेला.

"सोसाया, हे मूल मला दे," लोसालिने म्हणाली.

आमच्याकडं भावाच्या पोरांवर आत्याचा हक्क मोठा. आत्यानं मागितलं की नाही म्हणायची रीत नाही. सोसायानं बायकोकडं पाहिलं. लेसिएलीनं मान खाली घातली आणि म्हणाली, "बरं, वन्सं."

मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर लेसिएलीनं तिला मऊ चटईत गुंडाळून स्वतः आणून दिली. एक रात्र राहिली, दूध पाजलं, सकाळी परत गेली. तिला मुलीचं नाव विचारलं, तर म्हणाली, "तुम्हीच ठेवा." लोसालिनेनं मेलेनाइते ठेवलं. त्यानंतर दर फाकामेला लेसिएली एक पांढरा फ्रॉक स्वतः शिवून आणायची आणि चर्चमध्ये अगदी मागच्या बाकावर बसायची. मेलेनाइतेला सगळं ठाऊक होतं. आमच्याकडं असल्या गोष्टी लपवत नाहीत.

पोरगी चार वर्षांची असल्यापासून लोसालिनेनं तिला पाठांतराला बसवली. पोरीचा आवाज स्वच्छ, डोळे टपोरे, ऐकणाऱ्याचं मन धरून ठेवायची. मग काय विचारता! साल बडवताना, दुकानात, पाण्याच्या टाकीवर, जिथं चार बायका भेटतील तिथं लोसालिनेचं एकच पुराण.

"काल माझ्या मेलेनाइतेनं अख्खं स्तोत्र एका दमात म्हटलं. एका दमात!"

"अगं बाई," एखादी म्हणायची, "आता तिला राजवाड्यातच नेऊन बसव. आम्हा गरिबांत कशाला ठेवलीस?"

बायका खो खो हसायच्या. लोसालिनेही हसायची, कारण तिला तो टोमणा वाटतच नसे.

"लोकांच्या घरीही पोरं आहेत गं," फिलिमोने एकदा म्हणाला.

"आहेत की. मी कुठं नाही म्हटलं? पण आपल्या पोरीची सर नाही कुणाला."

कोपऱ्यात चटईवर सासरे मालाकाई बसलेले असत. एके काळी गावोगाव फिरून उपदेश करणारा माणूस, आता दृष्टी गेलेली. ते ऐकायचे आणि नुसतं "हं" म्हणायचे.

मेलेनाइते अकरा वर्षांची झाली, तेव्हा लोसालिनेनं तिच्यासाठी सगळ्यांत लांब पाठ निवडला. हन्नाची गोष्ट. मूल होत नाही म्हणून देवाच्या दारात रडणारी हन्ना, मग तिला झालेला शमुवेल, आणि दूध तुटल्यावर तिनं त्याला मंदिरात नेऊन सोडलं तो प्रसंग. पोरीनं पहिला भाग दोन दिवसांत पाठ केला. पण हन्ना मुलाला मंदिरात ठेवून निघते, तिथं आली की ती अडायची. रोज, त्याच जागी. लोसालिने हैराण झाली. आधी गोडीनं सांगितलं, मग आवाज चढला. शेवटच्या आठवड्यात सगळ्या पोरांसमोर ती म्हणाली, "रविवारी तिथंच विसरलीस ना, तर बघ! गाठोडं बांधून देईन पाठवून लेसिएलीकडं!"

पोरं फिदीफिदी हसली. लोसालिनेही हसली. मेलेनाइते पायाच्या अंगठ्यानं वाळूत रेघ ओढत उभी राहिली.

शनिवारी दुपारी शेवटची तालीम होती. मेलेनाइते आली नाही. लोसालिनेला वाटलं, घरी पाठ करत बसली असेल. घरी आली तर घर रिकामं. लेसिएलीनं यंदा आठवडाभर आधीच पाठवलेला पांढरा फ्रॉक खिळ्याला होता, पण रोजचे दोन फ्रॉक आणि निजायची चटई जागेवर नव्हती. शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "सकाळीच पूर्वेच्या वाटेनं जाताना दिसली. मी हाक मारली, तर वळूनही पाहिलं नाही."

पूर्वेच्या वाटेनं. एउआची पूर्वेकडची जमीन एकाएकी संपते. गुडघ्याएवढं गवत, जोराचा वारा, आणि मग खाली सरळ कडा. तळाशी समुद्र आपटत असतो.

ती अनवाणी पळाली. फिलिमोने घोडागाडी जोडून मागोमाग आला आणि वाटेत त्यानं तिला वर घेतलं. कड्यावर दोघं दोन बाजूंना हाका मारत फिरली. वाऱ्यानं हाक तोंडातून निघते तोच उडून जायची. लोसालिने पोटावर पालथी पडून कड्याच्या काठावरून खाली वाकली. पाण्याचा पांढरा फेस दिसला की तिला तो फ्रॉक वाटायचा. मग आठवायचं, पांढरा फ्रॉक तर घरी आहे. परत वाकायची.

"देवा," ती मोठ्यानं म्हणाली, "मला पाठ नको, काही नको. पोरगी तेवढी दे."

परतीच्या वाटेवर रताळ्याच्या शेतात एक म्हातारा खणत होता. फिलिमोनेनं त्याला विचारलं.

"पोरगी ना? गेली की इथून. दक्षिणेकडं वळली. काखेत गाठोडं होतं."

गाठोडं हा शब्द ऐकला आणि लोसालिनेनं फिलिमोनेच्या हातातला लगाम ओढून गाडी दक्षिणेकडं वळवली. पोरगी कुठं गेली, हे तिला कळलं. का गेली, तेही कळलं.

दोन तासांनी लेसिएलीचं घर दिसलं, तेव्हा सूर्य नारळांच्या शेंड्यांपर्यंत उतरला होता. लेसिएली अंगणात घोड्याला दोर बांधत होती. गाडी पाहून ती घाईघाईनं पुढं आली.

"वन्सं, आत आहे ती. जेवलीय. रागावू नका, मी तिला आत्ता आणूनच सोडणार होते."

लोसालिने दारातल्या पायरीवर बसली, तोंडावर दोन्ही हात घेतले, आणि रडते की हसते हे कुणाला कळेना. तेवढ्यात मेलेनाइते दाराशी येऊन उभी राहिली.

"आई, मला तिथं येतच नाही गं," ती म्हणाली. "उद्या सगळ्यांसमोर विसरले असते, म्हणजे तुला खाली बघावं लागलं असतं. मग तू मला पाठवलंच असतंस. म्हणून मीच आले."

लोसालिनेच्या ओठावर आलं होतं, अगं वेडे, गंमत केली होती मी. पण तिला ते म्हणवेना. आमच्यात मोठी माणसं लेकरापुढं चूक कबूल करत नाहीत. ती मात्र म्हणाली, "मी चुकले, बाळा. फार मोठी चूक झाली माझी. तू सगळं विसरलीस, अगदी स्वतःचं नाव विसरलीस, तरी मी तुला कुणाला देणार नाही. लेसिएलीलासुद्धा नाही."

"आणि मीही घेणार नाही," लेसिएली म्हणाली. मेलेनाइतेनं दचकून वर पाहिलं, तशी तिनं तिला जवळ ओढलं. "म्हणजे असं गं, इथं तू केव्हाही ये. दहा दिवस राहा. पण घर तुझं ते." मग ती लोसालिनेकडं वळली. "वन्सं, एक बोलू का? रागवाल."

"बोल."

"तुम्ही मागितलंत, तेव्हा मी नाही म्हणू शकले नसते. पण नंतर मी देवापाशी बसून मनापासून दिली. तुमची मांडी भरावी म्हणून दिली. ती काय म्हणून दाखवेल, हे मी कधी मनात धरलंच नव्हतं. मागच्या बाकावरून मला अर्धं ऐकूही येत नाही. मी नुसती ती उभी राहिलेली बघते."

लोसालिने लेसिएलीचा हात धरून बसून राहिली.

रात्र पडून बराच वेळ झाल्यावर सगळे घरी पोचले. लेसिएलीही बरोबर आली, तशीही ती सकाळी येणारच होती. मालाकाई दारातच उभे होते. त्यांनी हात पुढं केला, मेलेनाइतेचं डोकं चाचपलं, कान चाचपले, आणि देवाचे आभार मानायला सुरुवात केली, ते बराच वेळ थांबेचनात. पानावरचं गार झालं.

जेवताना म्हातारा म्हणाला, "लोसालिने, येशू नदीत बाप्तिस्मा घेतो, ती गोष्ट तू पोरांना शिकवतेस ना?"

"शिकवते की, बाबा."

"आभाळातून आवाज येतो, हा माझा लाडका लेक, याच्यावर मी खूश आहे. आता सांग, तोवर येशूनं काय केलं होतं?"

लोसालिने विचारात पडली. "तोवर? तोवर काहीच नाही. सुतारकाम करत असेल."

"एक आंधळा बरा केला नव्हता, एक उपदेश केला नव्हता. बाप आधीच खूश. आपण उलटं चालतो. आधी म्हणून दाखव, मग खूश होऊ."

"मग आपल्या पोरांचं कौतुक वाटूच नये का, बाबा?"

"वाटावं की! पोटभर वाटावं. पण ते आधी देवाला सांग. त्यानं दिलंय, त्याला ऐकायला आवडतं. टाकीवर जाऊन सांगितलंस की कौतुकाची शेखी होते." मग ते हसू लागले. "आणि मी कोण गं तुला सांगणारा? हा तुझा नवरा रग्बी खेळायचा तेव्हा मी चार गावांत छाती काढून फिरायचो. त्याचा पाय मोडला, तर पायापेक्षा मला माझ्या मिरवण्याचंच जास्त दुःख झालं."

"मला तेव्हाच कळलं होतं, बाबा," फिलिमोने घास गिळत म्हणाला. "पट्टी बांधण्याआधी विचारलंत, शनिवारी खेळशील ना?"

सगळे हसले. मेलेनाइतेही हसली. इतकी वर्षं पोरगी पुढं उभी राहायची आणि परीक्षा लोसालिनेची असायची. आता परीक्षाच नव्हती.

"उद्या नाही म्हटलंस तरी चालेल," ती पोरीला म्हणाली.

मेलेनाइतेनं थोडा विचार केला. "म्हणते. जमेल तेवढं."

रविवारी सकाळी पोरांच्या कपड्यांनी चर्च पांढरंशुभ्र झालं होतं. लोसालिने सणाच्या रीतीनं कमरेला चटई गुंडाळून आली, नेहमीच्या पुढच्या बाकाशी थांबली, मग मागं गेली आणि लेसिएलीला दंडाला धरून पुढं घेऊन आली. "ऐकू येत नाही म्हणतेस ना? बस इथं." अख्खं गाव बघत होतं. तिनं कुणाकडं पाहिलं नाही.

मेलेनाइते उभी राहिली आणि छान म्हणू लागली. हन्ना रडली, शमुवेल जन्मला, दूध तुटलं, मंदिर आलं. आणि पोरगी थांबली. चर्चमध्ये हातपंखे हलवण्याचाच काय तो आवाज. बाकीच्या बाया लोसालिनेच्या ओठांकडं पाहू लागल्या, कारण मास्तरीण आता शब्द पुरवणार. लोसालिनेनं ओठ हलवले नाहीत. ती पोरीकडं बघून मनापासून हसली, जणू पाठ झालाच आहे.

मेलेनाइतेनं तिच्याकडं पाहिलं, शेजारी बसलेल्या लेसिएलीकडं पाहिलं, आणि मधली चारपाच वाक्यं सरळ सोडून म्हणाली, "आणि दर वर्षी हन्ना त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून न्यायची." बाकीचं धडाधड म्हणून टाकलं आणि जागेवर जाऊन बसली.

मग मालाकाई मोठ्यानं ओरडले, "मालिए!" आणि पाठोपाठ सगळं चर्च. लोसालिने आणि लेसिएली एकाच पंख्याआड तोंड लपवून रडत होत्या.

दुपारी जमिनीतल्या भट्टीतून सुरण आणि नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं निघाली. रीतीप्रमाणं पोरं आधी जेवली, मग मोठी. नंतर जो तो सावली शोधून आडवा झाला. लोसालिने आणि लेसिएली ताटं विसळत बसल्या होत्या.

"वन्सं, मधलं सोडून दिलं तरी पोरगी घाबरली नाही हं."

"घाबरेल कशी? तुझ्यावर गेलीय," लोसालिने म्हणाली. "शांत आहे. माझ्यासारखी असती तर तिथंच भोकाड पसरलं असतं."

अकरा वर्षांत तिनं हे पहिल्यांदा तोंडावाटे काढलं होतं. लेसिएलीनं हातातलं ताट नीट पुसून उपडं ठेवलं आणि दुसरं घेतलं.